दोन विहिणी आणि अर्धी गाडी

मुलीच्या बाळंतपणासाठी मी जर्मनीला गेले, त्याला आता दहाएक वर्षं होतील. व्हॉट्सॅप तेव्हा आमच्या वयाच्या बायकांपर्यंत नुकतंच पोचलं होतं. नागपूरच्या शाळेत भूगोल शिकवून मी निवृत्त झाले होते. युरोपचा नकाशा मी फळ्यावर पुस्तक न बघता काढत असे, त्यामुळे तो देश आपल्याला थोडाफार माहीत आहे, अशी माझी समजूत होती. विमानात मात्र पहिल्यांदाच बसत होते.

गावाचं नाव एर्लांगेन. मुलगी तिथल्या विद्यापीठात संशोधन करायची आणि जावई विजेची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होते. ठरलं असं होतं, की आधी मी तीन महिने राहायचं आणि मी परतले की जावयांच्या आईंनी यायचं. पण त्यांचा व्हिसा लवकर झाला, माझा रखडला, आणि शेवटी आम्ही दोघी एकाच आठवड्यात तिथे दाखल झालो. दोन खोल्यांचं घर, त्यात एक बाळ, एक बाळंतीण, एक जावई आणि दोन विहिणी.

माझ्या विहीणबाई नांदेडच्या. त्यांचे यजमान एसटीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. मराठीशिवाय दुसरी भाषा त्या बोलत नसत आणि त्याची त्यांना कधी अडचणही वाटत नसे. बाजारात भाजीवालीशी त्या सरळ मराठीत बोलत. ती जर्मनमध्ये उत्तर देई, आणि घरी येताना यांच्या पिशवीत नेमकी हवी ती भाजी असे. मी मात्र मनात इंग्रजी वाक्य जुळवत उभी राही आणि तोवर मागची बाई पुढे जाई.

आमच्या दोघींचं फार सौजन्याचं होतं. ते इतकं होतं, की घरात कुणाचंच काही वेळेवर होईना. सकाळी चहा झाला की मी म्हणायची, "विहीणबाई, तुम्ही घ्या आधी." त्या म्हणायच्या, "छे हो, तुम्ही घ्या." चहा गार व्हायचा. आंघोळीला कुणी आधी जायचं यावर रोज बोलणी व्हायची, तोवर जावई ऑफिसची वेळ झाली म्हणून तोंड धुऊनच निघून जायचे. मुलीनं "आई" अशी हाक मारली की आम्ही दोघी उठायचो, मग एकमेकींना बघून दोघी परत बसायचो, आणि तिला पाणी कुणीच द्यायचं नाही.

त्या घराच्या खिडकीची एक गोष्ट सांगायलाच हवी. मुलगी आणि जावई बाळाला घेऊन डॉक्टरकडे गेले होते. विहीणबाईंनी खिडकी उघडायला मूठ फिरवली, ती जरा जास्तच वर गेली, आणि अख्खी खिडकी वरच्या बाजूनं त्यांच्या अंगावर झुकली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि शांतपणे म्हणाल्या, "विहीणबाई, जरा येता का? खिडकी निघाली." मी धावत गेले आणि दुसरी बाजू धरली. काच जड होती, खाली रस्ता होता. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. खालून सायकलवर म्हातारी माणसं जात होती, त्यांतल्या एका बाईनं वर बघून हात हलवला. आम्हाला हात सोडणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही माना हलवल्या. बऱ्याच वेळानं मुलगी परत आली आणि म्हणाली, "अगं, ती तशीच उघडते. हवा यायला." तिनं एका हातानं ती लावून दाखवली. विहीणबाईंनी हात चोळले आणि म्हणाल्या, "मग आधी सांगायचं नाही का?"

गाव सुंदर होतं, पण मला आधी त्याची शांतताच जाणवली. एवढ्या सायकली मी कुठे पाहिल्या नव्हत्या, आणि एकही घंटी वाजत नव्हती. मागून कुणी आलं तर ते आपण बाजूला होईपर्यंत गप्प मागे चालत राही. एकदा लांब कुठेतरी गाडीचा हॉर्न वाजला, तर मी पोळी तव्यावर टाकून गॅलरीत बघायला गेले. रस्त्यावर एकही गाडी नसताना माणसं लाल दिव्यापाशी थांबत आणि सिग्नलकडे असं बघत, जणू तो काहीतरी सांगणार आहे. पहिल्यांदा मी तशीच ओलांडून गेले, तेव्हा पलीकडच्या एका आजोबांनी मला काहीतरी ऐकवलं. त्यांच्या हाताला धरलेला नातू होता. मुलगी म्हणाली, "लहान मुलांसमोर असं करायचं नसतं, आई." पस्तीस वर्षं शाळेत शिकवल्यावर हे मला ऐकावं लागलं.

तर एका शनिवारी मुलीनं आणि जावयांनी आम्हाला बाहेर काढलं. शब्द अर्थातच वेगळे होते. "तुम्ही दोघी नुसत्या घरात बसून आहात. न्यूरेंबर्ग बघून या. गाडीनं अगदी जवळ आहे, किल्ला आहे, चर्च आहे, बाजार आहे." त्यांचे डोळे रात्रभराच्या जागरणानं लाल होते. मला कळलं, की त्यांना झोपायचं आहे. दोघींना मिळून एक तिकीट होतं, ते माझ्या पर्समध्ये. एकच मोबाईल होता, तोही मुलीनं माझ्याच हातात दिला होता, पण विहीणबाई मुलाकडच्या, तेव्हा मान त्यांचा, म्हणून मी तो त्यांच्याकडे सोपवला. डबा त्यांनी हट्टानं आपल्याच पिशवीत ठेवला.

न्यूरेंबर्ग पाहून मला आनंद झाला. किल्ल्याच्या चढावर लाल छपरं एकाला एक चिकटून खाली उतरत गेलेली दिसत होती. एवढं जुनं शहर, आणि भिंती काल धुतल्यासारख्या. नंतर मुलगी म्हणाली, की युद्धात त्यातलं बहुतेक पडलं होतं आणि ते पुन्हा होतं तसं उभं केलंय. म्हणजे मी ज्याला जुनं जुनं म्हणून हात लावत होते, ते बरंचसं माझ्याच वयाचं होतं. बाजारच्या चौकात एक उंच नक्षीदार कारंजं आहे. त्याच्या जाळीत एक पितळी कडी आहे, ती फिरवली की इच्छा पुरी होते म्हणतात. आम्ही रांगेत लागलो. आमची पाळी आली.

"फिरवा विहीणबाई," मी म्हटलं.

"तुम्ही मोठ्या. तुम्ही फिरवा."

"मान तुमचा आहे नं."

मागची रांग वाढत गेली. शेवटी मागच्या एका उंच माणसानं "बिटं", म्हणजे कृपया, म्हणून आमच्या दोघींचे हात नाजूकपणे उचलून एकदमच त्या कडीवर ठेवले. आम्ही ती मिळून फिरवली. घाईत मी काहीच मागितलं नाही. विहीणबाईंनी काय मागितलं ते मी विचारलं नाही.

परतीला स्टेशनवर आम्ही मुलीनं सांगितलेल्या फलाटावर वेळेच्या आधी येऊन उभ्या राहिलो. फलाट भरलेला होता. मग वरून काहीतरी घोषणा झाली, जर्मनमध्ये. सगळी माणसं एक शब्द न बोलता वळली आणि जिना उतरून निघून गेली. आम्ही दोघीच उरलो.

"बरं झालं," विहीणबाई म्हणाल्या, "आता जागा मिळंल."

थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं नवी माणसं आली आणि गाडीही आली. फलाट तोच, म्हणजे गाडीही तीच, असं आम्ही धरलं. चढलो तर डब्यात सायकलीच सायकली, आणि माणसाला बसायला एकच जागा.

"बसा," मी म्हटलं.

"तुम्ही बसा. मी उभी राहते, मला काय होतंय."

"छे, असं कसं."

गाडी सुटायची वेळ झाली तरी ती जागा रिकामीच. मग विहीणबाईंनी निकाल लावला. "तुम्ही इथं बसा, मी मागच्या डब्यात बसते. दहा-वीस मिनटाचं तर आहे." असं म्हणून त्या खाली उतरल्या आणि मागच्या दारानं चढल्या. गाडी निघाली.

बराच वेळ गेला तरी एर्लांगेन येईना. खिडकीबाहेर झाडी सुरू झाली, मग खडक, मग एकामागून एक बोगदे. सकाळी येताना एकही बोगदा लागला नव्हता. भूगोलाची शिक्षिका म्हणून मी मनाची समजूत घातली, की परतीचा मार्ग दुसऱ्या बाजूनं असेल. मग एका स्टेशनात गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. एक लांब घोषणा झाली, एक बारीकसा धक्का बसला आणि आम्ही पुढे निघालो. पुढे वळण होतं. वळणावर मी सहज मागे पाहिलं, तर गाडीचा मागचा अर्धा भाग स्टेशनातच उभा होता. त्याच्या खिडकीत हिरवं लुगडं नेसलेल्या विहीणबाई, मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या. त्यांनी मला पाहिलं आणि हात केला. मीही सवयीनं हात केला. वळण संपल्यावर मला कळलं, की मी त्यांना निरोप दिला आहे.

माझ्या समोर एक गृहस्थ बसले होते. सावळे, मध्यम वयाचे, साधा निळा शर्ट. मी घाबरून मराठीतच काहीतरी बोलले असणार, कारण त्यांनी हिंदीत विचारलं, "काय झालं ताई?" ते केरळचे पाद्री निघाले. तरुणपणी धर्मशिक्षणासाठी काही वर्षं नागपूरला राहिले होते आणि त्यांना थोडं मराठी कळायचं. उन्हाळ्यात इथले पाद्री सुट्टीवर जातात, तेव्हा त्यांच्या जागी चर्चं सांभाळायला ते आले होते. त्यांनाही जर्मनीत येऊन महिनाच झालेला, पण भाषा ते आधीच शिकून आले होते. त्यांच्याकडून मला पहिल्यांदा कळलं, की ही आमची गाडीच नव्हती, आणि या गाडीचे वाटेत दोन तुकडे होतात, एक इकडे जातो, एक तिकडे. म्हणजे आम्ही दोघी एकाच चुकीच्या गाडीत बसून दोन वेगवेगळ्या ठिकाणी चाललो होतो.

तेवढ्यात तिकीट तपासणारी बाई आली. गोरी, धिप्पाड, कमरेला यंत्र. तिनं माझं तिकीट पाहिलं.

"हे दोघांचं आहे. दुसरी व्यक्ती कुठे आहे?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"दुसऱ्या अर्ध्यात," मी म्हटलं.

"दुसरं अर्धं दुसरीकडे जातं."

"हो."

"मग त्या तिथे का बसल्या?"

याचं उत्तर इंग्रजीत द्यायला मला शब्द सापडेना. फादर मदतीला आले आणि जर्मनमध्ये बोलू लागले. बाईनं विचारलं, त्या तुमच्या कोण? मी म्हटलं, माझ्या मुलीच्या नवऱ्याची आई.

"म्हणजे तुमच्या सासूबाई?"

"नाही. माझ्या मुलीच्या."

"मग तुमच्या कोण?"

"विहीण," मी म्हटलं. फादरांनी विचार केला. त्यांच्या भाषेत त्याला शब्द होता, हिंदीत होता, जर्मनमध्ये त्यांना माहीत नव्हता. बाईलाही सुचला नाही. ती म्हणाली, "म्हणजे तुमचं नातं नाही."

हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

"त्या लहान आहेत का?" बाईनं पुढे विचारलं. नाही. "आजारी आहेत? स्मृती जाते का?" नाही. "मग त्या हरवलेल्या नाहीत," ती म्हणाली. "त्या प्रवास करतायत."

मी डोळ्यांना पदर लावला. तेव्हा तिला दया आली असावी, कारण तिनं मोबाईल काढून गाडीच्या दुसऱ्या अर्ध्यातल्या आपल्या सहकाऱ्याला लावला. बराच वेळ "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, असं चाललं होतं. मग तिनं फोनवर हात ठेवून मला विचारलं, "त्यांचं नाव ड्शायबीम आहे का?"

मला आधी उलगडा झाला नाही. मग लक्षात आलं. तिकडे माणसं भेटली की देवाच्या नावानं नमस्कार करतात. तिकीट तपासणारा आला असेल, "ग्र्यूस गॉट" म्हणाला असेल, आणि विहीणबाईंनी हात जोडून "जय भीम" म्हटलं असेल. "ते नाव नाही," मी म्हटलं, "तो आमचा नमस्कार आहे."

"मग नाव काय?"

आणि मला विहीणबाईंचं नाव आठवेना. लग्नपत्रिकेत वाचलेलं होतं, पण तोंडात कधी आलंच नव्हतं. लग्नापासून त्या विहीणबाईच होत्या. बाईनं क्षणभर वाट पाहिली आणि मग फोनमध्ये म्हणाली, "आल्झो, फ्राऊ ड्शायबीम," म्हणजे, बरं तर, श्रीमती ड्शायबीम. पुढे त्या मार्गावर सगळीकडे त्यांचा शोध याच नावानं झाला.

सहकाऱ्यानं कळवलं, की फ्राऊ ड्शायबीमनी त्याला तिकीट दाखवलं नाही, त्याऐवजी पोळी आणि भाजी दिली, ती चांगली होती, आणि पुढच्या एका खेड्यात सगळा डबा उतरला तेव्हा त्याही उतरल्या. खेड्याचं नाव ऐकून फादर सरळ बसले. त्यांना तिथेच जायचं होतं. तोपर्यंत ते माझ्या वतीनं फार आत्मविश्वासानं बोलत होते. आता बाईनं त्यांचं तिकीट मागितलं, पाहिलं, आणि म्हणाली, "तुम्हीसुद्धा चुकीच्या अर्ध्यात आहात."

पुढच्या स्टेशनवर आम्ही दोघं उतरलो. परतीच्या गाडीला अवकाश होता. छोटंसं स्टेशन, कुंड्यांत लाल फुलं, माणूस नाही. फादर सारखे फोन लावत होते. चर्चचं ऑफिस शनिवारी बंद, आणि गावचे बुर्गरमाइस्टर, म्हणजे सरपंच, फोन उचलत नव्हते. त्या खेड्यात चर्चच्या वाढदिवसाची जत्रा होती आणि फादर पाहुणे म्हणून बोलवलेले होते. "भारतातून पाहुणा येणार, एवढंच गावाला माहीत आहे," ते म्हणाले. "मला कुणी पाहिलेलं नाही." त्यांनी खिशातून भाषणाचे कागद काढून एकदा वाचले आणि परत ठेवले. घरचे सगळे नंबर विहीणबाईंकडच्या मोबाईलमध्ये होते, मला एकही पाठ नव्हता. मी बाकावर बसून जावयांना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. तुमच्या आई सुखरूप आहेत, फक्त कुठे आहेत ते माहीत नाही. दोन्ही वाक्यं खरी होती, पण एकत्र चांगली वाटत नव्हती.

शेवटी त्या खेड्यात पोचलो. फलाट म्हणजे मक्याच्या शेताला लावलेला सिमेंटचा पट्टा. तिथे कुणी नव्हतं, पण लांबून पिपाण्या आणि ढोल ऐकू येत होते. आवाजाच्या दिशेनं चालत गेलो. चर्चसमोर मैदान, मैदानात मोठा तंबू. चामड्याच्या आखूड चड्ड्या घातलेले तरुण लोक एक भलंमोठं सोललेलं झाड लांब काठ्यांच्या आधारानं इंचाइंचानं उभं करत होते. झाडाच्या शेंड्याला हिरव्या फांद्या आणि हार होते. तंबूत लांबच लांब बाकं, त्यावर सगळं गाव, प्रत्येकासमोर बिअरचा मग. आणि समोरच्या मंचावर, मधल्या खुर्चीवर, गळ्यात फुलांचा गोफ घालून विहीणबाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी तशीच.

घडलं ते असं, आणि हे मला त्यांनी नंतर सांगितलं. डब्यातले सगळे उतरले म्हणून त्यांना वाटलं, शेवटचं स्टेशन आलं. फलाटावर बँडवाले रांगेत उभे होते. त्यांनी खाली पाय ठेवला आणि बँड वाजायला लागला. एका जाड मिशीवाल्या माणसानं पुढे येऊन त्यांना वाकून नमस्कार केला आणि लहान मुलीनं फुलं दिली. "मला वाटलं, लेकानं सांगितलं असंल," त्या म्हणाल्या. "त्याची कंपनी मोठी हाय ना." मग मिशीवाल्यानं, म्हणजे सरपंचांनी, त्यांना हात देऊन मंचावर नेलं. सरपंचांनी भाषण केलं. यांनी ऐकलं. एक बटाट्याचा चेंडूएवढा गोळा खायला आला, तो यांनी डब्यातल्या ठेच्याबरोबर खाल्ला.

आम्ही तंबूच्या दारात पोचलो तेव्हा सरपंच माइकवर काहीतरी म्हणाले, टाळ्या झाल्या आणि त्यांनी माइक विहीणबाईंपुढे धरला. फादर माझ्या कानाशी कुजबुजले, "आता पाहुण्यांनी आशीर्वाद द्यायचा आहे." मी पुढे जायला लागले, पण बाकांच्या मधून वाट नव्हती.

विहीणबाई उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. एवढी माणसं, समोर माइक, म्हणजे कार्यक्रम आहे हे त्यांना कळलं होतं, आणि आमच्याकडे कार्यक्रमाची सुरुवात कशानं होते हे त्यांना लहानपणापासून पाठ होतं. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात त्रिसरण आणि पंचशील म्हणायला सुरुवात केली. पिपाण्या थांबल्या. झाड उभं करणारे तरुण काठ्या धरून तसेच थांबले. गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी आपापले हात जोडले. त्या जर्मन तंबूत बिअरच्या वासात ते पाली शब्द ऐकताना माझेही हात आपोआप जोडले गेले, आणि मी दारातूनच त्यांच्यामागे म्हणत गेले. मला रडू येत होतं, आणि ते भीतीचं होतं की दुसऱ्या कशाचं, ते सांगता येणार नाही. शेवटचं शील आलं, ते दारूपासून दूर राहण्याचं. त्यांनी ते म्हटलं, डोळे उघडले आणि "जय भीम" म्हणाल्या. सगळ्या गावानं आपापले मग उंच केले, "ड्शायबीम" म्हणून मोठा गजर केला आणि बिअर प्यायली.

मग त्यांनी मला दारात पाहिलं. "अगंबाई," त्या माइकवरच म्हणाल्या, "कुठं गेली होतीस तू?"

लग्नापासून त्यांनी मला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. सगळं गाव वळून माझ्याकडे बघू लागलं. सरपंच खाली आले. हिरव्या लुगड्यातली एक बाई आधी आली, आता दुसरी आली, बरोबर एक गृहस्थ, म्हणजे शिष्टमंडळ आहे असं त्यांना वाटलं. फादरांनी त्यांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. सरपंचांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांनी फादरांकडे पाहिलं, मंचाकडे पाहिलं, आणि विचारलं, "मग या बाईंनी आम्हाला काय म्हटलं?"

फादरांनी मला विचारलं. मी इंग्रजीत पाची शीलं सांगितली, फादर जर्मनमध्ये सांगत गेले. जीवहत्या करणार नाही. चोरी करणार नाही. व्यभिचार करणार नाही. खोटं बोलणार नाही. जवळच्या बाकांवरची माणसं कान देऊन ऐकत होती आणि प्रत्येकावर मान डोलवत होती. पाचव्याला फादर जरा अडखळले, पण पाद्री माणूस, त्यांनी ते गाळलं नाही. सगळे आपापल्या मगाकडे बघत होते.

"गेनाऊ," सरपंच शेवटी गंभीरपणे म्हणाले, आणि उरलेली बिअर त्यांनी एका दमात संपवली.

त्यानंतर फादरांना मंचावर नेलं. त्यांनी भाषणाचे कागद बाहेर काढले नाहीत. मुख्य काम झालेलं आहे, असं काहीतरी म्हणून त्यांनी छोटी प्रार्थना केली आणि खाली आले. मला तर वाटतं, त्यांना सुटल्यासारखं झालं होतं. झाड एकदाचं उभं राहिलं. म्हाताऱ्या बायकांनी विहीणबाईंना मधे बसवून घेतलं होतं आणि ठेचा एकीकडून दुसरीकडे जात होता. त्यांतली एक बाई डोळे पुसत होती आणि आणखी मागत होती.

"फोन का नाही केला?" मी विहीणबाईंना विचारलं.

"कुणाला करू? तुमच्याकडं कुठं फोन होता."

"लेकाला करायचा."

"ते लेकरू रात्रभर जागतंय. त्याला कशाला उठवू," त्या म्हणाल्या. "आणि मी कुठं हरवले होते? हरवला तर तुम्ही." पुन्हा 'तुम्ही' झालं होतं.

सरपंचांच्या भावानं आम्हाला मोटारीनं मोठ्या स्टेशनापर्यंत सोडलं. बरोबर एक खोकं दिलं, त्यात साखर घातलेल्या तळलेल्या पुऱ्या होत्या, मधे पातळ आणि कडेला जाड. "आपल्या गुलगुल्यासारखं लागतंय," विहीणबाई म्हणाल्या. या वेळी मी गाडीत त्यांच्या हाताला धरून बसले. जागा दोन होत्या, पण रिकामी एकच असती तरी आम्ही तिच्यावर दोघी बसलो असतो.

घरी पोचलो तेव्हा बाहेर अजून लख्ख उजेड होता. मी जिन्यातच उत्तरं तयार करत होते. दार उघडलं, तर घर गाढ झोपलेलं. जावई सोफ्यावर, मुलगी बाळाशेजारी, बाळही झोपलेलं. आम्ही गेल्यापासून ती तिघं झोपलीच होती. आम्हाला उशीर झालाय हे कुणाला कळलंच नव्हतं. मुलगी डोळे चोळत उठली आणि म्हणाली, "कसं वाटलं न्यूरेंबर्ग?"

"चांगलं आहे," विहीणबाई म्हणाल्या. "माणसं फार अगत्याची आहेत." आणि खोकं टेबलावर ठेवून त्या चहा टाकायला गेल्या. मी सगळं सांगितलं तेव्हा जावयांनी आधी विश्वास ठेवला नाही, मग खोकं उघडून आतल्या पुऱ्या पाहिल्या.

निघायच्या आधीच्या एका रविवारी फादर आमच्याकडे जेवायला आले. वरण-भात त्यांनी दोनदा घेतला आणि नागपूरच्या मेसमधलं वरण कसं असायचं ते सांगितलं. मग म्हणाले, त्या गावानं चर्चच्या वरच्या ऑफिसला विनंती केली आहे, की पुढच्या वर्षीही जत्रेला त्या बाईंनाच पाठवावं. वरच्या ऑफिसनं फादरांकडे चौकशी केली होती, की या बाई नेमक्या कुठल्या पंथाच्या, त्यांना नोंद करायची आहे.

"काय विचारायलेत?" विहीणबाईंनी भात वाढता वाढता मला विचारलं. मी सांगितलं.

"सांगा, नांदेडच्या," त्या म्हणाल्या.

फादरांनी खरंच तसंच कळवलं. काही दिवसांनी उत्तर आलं, की काही हरकत नाही.